छतावरचे ऊन आणि घरातले वीजबिल

खान्देशातील घरांचे वीजबिल उन्हाळ्यात वाढते ते मुख्यतः छतामुळे. मीटर फिरतो तो पंखा, कूलर आणि एसी यांच्यामुळे हे खरे. पण या यंत्रांना जी उष्णता हटवावी लागते तिचा मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबमधून किंवा पत्र्यातून घरात उतरलेला असतो. म्हणून बिल कमी करण्यासाठी पैसे घालायचे तर आधी छत, मग खिडक्या आणि भिंती, त्यानंतर यंत्रे आणि सगळ्यात शेवटी सौर पॅनेल असा क्रम हवा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत प्रत्यक्षात हा क्रम उलटा चालतो. घर बांधताना छताचा विचार फक्त पावसाच्या गळतीपुरता होतो, पहिल्याच उन्हाळ्यात कूलर येतो, दोन-तीन वर्षांत एसी येतो, आणि बिल हाताबाहेर गेले की सौर पॅनेलची चौकशी सुरू होते. मूळ उष्णता मात्र छतातून उतरतच राहते.

छतावर इतका भर देण्याचे कारण भूगोलात आहे. जळगाव आणि धुळे ही शहरे 21 अक्षांशाच्या आसपास, कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. म्हणजे वर्षातील सर्वांत तापलेल्या दिवसांत दक्षिणेकडील भिंतीवर ऊन जेमतेम पडते, पूर्व आणि पश्चिम भिंतींवर सकाळ-संध्याकाळ तिरपे पडते, आणि सपाट छत मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते सरळ अंगावर घेते. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी सौर ऊर्जा येते. त्यात तापीच्या खोऱ्यातली कोरडी हवा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असणे इथे रोजचे, आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात तो बहुतेक वर्षी 45 च्या पुढे जातो. हीच कोरडी हवा एक दिलासाही देते: ढग आणि बाष्प नसल्याने जमीन रात्री लवकर निवते आणि पहाटेपर्यंत पारा पंधराएक अंशांनी उतरतो. दिवस आणि रात्र यांतल्या या अंतराचा उपयोग करून घेणारे घर विजेशिवायही बरेच सुसह्य राहते.

जुन्या धाब्याच्या घराने तो उपयोग करून घेतला होता. दीड-दोन हात जाडीच्या माती-दगडाच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, वर काटक्या आणि पाला, त्यावर चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती, असे त्या छताचे स्वरूप. खारी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर टाकली जाते. तिच्यातील क्षारांमुळे पाणी लागताच ती फुगते, छिद्रे बुजतात आणि पाणी पन्हाळीकडे वाहून जाते. रंगाने ती फिकट असल्यामुळे ऊनही बरेचसे परत फेकते. खालचा मातीचा थर इतका जाड असतो की दुपारची उष्णता त्याच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोपर्यंत घरातली माणसे अंथरुणे घेऊन वर धाब्यावर गेलेली असतात. धाब्याच्या घरांचे गोडवे गाण्याची मात्र गरज नाही. अतिवृष्टीत ती ढासळतात, माणसे दगावतात, आत उजेड कमी असतो, विंचू-किरडूंची भीती असते, आणि तेवढे लाकूड आता कोणालाच परवडणारे नाही. पक्के घर हवेसे वाटणे अगदी रास्त आहे. तोटा झाला तो वेगळ्या ठिकाणी. माती काढून सिमेंट आणताना छताची मजबुती आली, पण त्याचे ऊन अडवण्याचे काम कोणाकडेच सोपवले गेले नाही.

स्लॅबमध्ये नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. चार-पाच इंच काँक्रीट उष्णतेला फारसा अडथळा करत नाही. नुसत्या स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असता, साधारण साडेतीन वॅट उष्णता आत येते. दहा बाय बाराची खोली घेतली तर तिचे छत सुमारे 11 चौरस मीटर भरते. काळवंडलेली गच्ची दुपारी सहज 60 अंशांपर्यंत तापते. आत 30 अंश राखायचे असतील तर फरक 30 अंशांचा झाला, म्हणजे एका लहान खोलीच्या केवळ छतातून सुमारे साडेअकराशे वॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा या एका छतापायी खर्ची पडतो. तीच गच्ची पांढरी केली आणि तिच्यावर उष्णतारोधक थर दिला, तर पृष्ठभाग 45 अंशांच्या आसपास राहतो, प्रत्येक अंशामागे येणारी उष्णता सव्वा वॅटच्या आत येते, आणि तोच आकडा दोनशे वॅटच्या खाली जातो. हा ढोबळ हिशेब आहे, तापमान दर तासाला बदलते. तरी फरक पाचपटीचा आहे हे ध्यानात घ्यावे.

काँक्रीटचा दुसरा दोष वेळेचा. दुपारी एक-दोनला पडलेल्या उन्हाची धग स्लॅबच्या खालच्या अंगाला काही तासांनी पोचते. त्यामुळे बाहेर वारा सुटलेला असतानाही रात्री नऊ-दहाला छताला हात लावला तर ते गरम लागते, आणि पंखा त्याच छताखालची तापलेली हवा अंगावर टाकत राहतो. एसीचे सर्वाधिक तास रात्रीचे असतात ते म्हणूनच. हे ज्याला आपल्या घरात पडताळायचे असेल त्याने रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचा आकडा टिपून ठेवावा. उन्हाळ्यात झोपेच्या आठ तासांत किती युनिट जातात ते चार दिवसांत कळते.

बिलाची रचना समजली की छताच्या खर्चाचे मोल कळते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटना ऊर्जा आकार 4.71 रुपये होता, 101 ते 300 पर्यंत 10.29, 301 ते 500 पर्यंत 14.55 आणि त्यापुढे 16.64. प्रत्येक युनिटवर 1.17 रुपये वहन आकार वेगळा, शिवाय स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. नंतर दर बदलले, टप्प्यांची चढण कायम राहिली. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळीच युनिटे महाग होतात, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याच नियमाचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा: वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या घराने 70 युनिट वाचवले, तर त्यातली 50 युनिटे तिसऱ्या टप्प्यातली आणि 20 दुसऱ्या टप्प्यातली असतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून बचत सुमारे 1,175 रुपये होते. तीच 70 युनिटे पहिल्या टप्प्यात असती तर त्यांची किंमत पावणेपाचशेच्या आसपास भरली असती. उन्हाळ्याची वाढ सगळी वरच्या टप्प्यांत पडते, आणि छतावर केलेला खर्च नेमका तिथून वसूल होतो.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. होळीनंतर ऊन तापू लागले की गच्ची खराट्याने झाडून, शेवाळाचे काळे पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन कोरडी करावी. कळीचा चुना आदल्या रात्री पिंपात भिजवावा. तो उकळ्या मारतो, म्हणून पिंप प्लास्टिकचे नसावे आणि मुलांना दूर ठेवावे. सकाळी तो फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक किंवा चिकटद्रव्य मिसळावे, म्हणजे वाऱ्याने भुकटी उडत नाही. गच्चीवर पाण्याचा हलका शिपका मारून पहिला हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा हात उभा द्यावा. काम उन्हे चढण्याआधी आटोपावे, कारण तापलेल्या स्लॅबवर चुना धरत नाही आणि पांढऱ्या पृष्ठभागावरची तिरीप डोळ्यांना सोसत नाही. ताजा पांढरा चुना अंगावर पडलेल्या उन्हाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो; जुने काळवंडलेले काँक्रीट त्याच्या निम्माही फेकत नाही. खान्देशातील वावटळी आणि धूळ यांमुळे ही शुभ्रता दोन-तीन महिन्यांत मळते आणि पहिल्या पावसात बरीचशी धुऊन जाते, हा आक्षेप खरा आहे. पण गरज असते तीही तेवढ्याच महिन्यांची. दरवर्षी खारी टाकणाऱ्या मुलखाला दरवर्षी चुना मारणे जड जाऊ नये. ज्यांना दरवर्षीची कटकट नको त्यांच्यासाठी पांढरे परावर्तक रंग आहेत, किंवा कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझेक आहे, जो गळती आणि ऊन दोन्ही अडवतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.

उष्णतारोधक थराचे गणित थोडे वेगळे आहे, आणि इथे घाई नडते. स्लॅबवर इंचभर जाडीचा दाट फोमचा थर, त्यावर संरक्षक कोबा, अशी रचना केली तर छतातून येणारी उष्णता तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. हा थर शक्यतो स्लॅबच्या वर हवा, म्हणजे काँक्रीट तापतच नाही. खालून लावला तर स्लॅब तापतो, फुगतो-आकसतो आणि भेगा पडतात. मात्र एसी नसलेल्या घरात केवळ जाड रोधक थर घालून खिडक्या उन्हात उघड्या ठेवल्या, तर खिडकीतून आत आलेली धग रात्री छतातून बाहेर पडू शकत नाही आणि घर उलट उबते. म्हणून एसी नसलेल्या घरात पांढरी गच्ची आणि सावली यांना पहिला मान, आणि एसीच्या खोलीवर रोधक थराला. बांधकाम साहित्य विकणारे दुकानदार हा भेद सहसा सांगत नाहीत. भिंतींच्या बाबतीतही असाच घोळ होतो. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेमुळे भुसावळ परिसरात राखेच्या विटा सहज मिळतात आणि त्या ‘थंड’ असतात असे सांगून विकल्या जातात. राखेची घट्ट दाबलेली वीट मजबूत आणि मातीची बचत करणारी आहे, पण उष्णतेला ती भाजलेल्या विटेपेक्षा फार जास्त अडवत नाही. खरोखर अडवतो तो हवेचे बुडबुडे असलेला हलका एएसी ब्लॉक. पश्चिमेच्या एका भिंतीपुरता तो वापरला तरी फरक पडतो.

पत्र्याच्या घराची अवस्था सर्वांत वाईट. पत्रा उष्णता अडवतच नाही. त्याचा आतला पृष्ठभाग बाहेरच्याइतकाच तापतो आणि खालच्या माणसावर धग टाकतो. वरून पांढरा रंग आणि खाली एक-दोन फूट अंतर सोडून बांबूच्या चटईचे किंवा जिप्समचे छत, आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना झरोके, ही इथली किमान गरज. पोकळीतली हवा कोंडली तर उपयोग निम्मा होतो. थर्मोकोल स्वस्त असल्याने सर्रास लावले जाते, पण चुलीच्या किंवा गॅसच्या वर ते लावणे जिवाशी खेळ आहे. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा रचण्याची गावाकडची पद्धत सावली देते खरी, परंतु वाळलेल्या पऱ्हाट्यांना ठिणगी पुरते.

छतावर ऊन पडूच न देणे हा सर्वांहून चांगला मार्ग. रावेर-यावलचा केळी बागायतदार उष्ण वाऱ्याच्या बाजूला शेवरीचा ताटवा किंवा हिरवी नेट उभी करून बाग वाचवतो. तीच नेट घराच्या गच्चीवर ताणली तर घरही वाचते. ती गच्चीपासून निदान पाच-सहा फूट उंच हवी, म्हणजे खालून वारा खेळतो. गच्चीला चिकटलेली नेट स्वतः तापून उष्णता खालीच देते. अलीकडे गच्चीवर लोखंडी सांगाड्याचे पत्र्याचे शेड टाकण्याची पद्धत जळगावच्या कॉलन्यांत खूप वाढली आहे. चारी बाजूंनी उघडे शेड असेल तर स्लॅब थंड राहतो, पापड-कुरडया वाळवायला अर्धी गच्ची मोकळी ठेवता येते आणि पावसाळ्यात गळतीही थांबते. तेच शेड बाजूंनी बंद करून खोली केली की वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचे हाल सुरू होतात.

खिडक्यांकडे वळायचे तर पडदा आतून लावणे आणि ऊन बाहेर अडवणे यांत फार अंतर आहे. काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्यावर अडले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा नेट हवी. तिरप्या उन्हाला छज्जा पुरत नाही, उभी आडोशाची पट्टी लागते. धुळ्यात 1818 नंतर ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने आखलेल्या पेठेतल्या क्रमांकाच्या गल्ल्या आजही ओळखल्या जातात. तिथल्या एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या लांब भिंतींवर ऊन पडतच नाही. नव्या कॉलनीतले सुटे घर चारी बाजूंनी तापते, आणि त्याच्या पश्चिमेला एक कडुनिंब लावला तर पाच-सात वर्षांत ती भिंत सावलीत येते. रोजच्या सवयीला तर पैसाही लागत नाही: सकाळी आठ-साडेआठला सगळी दारे-खिडक्या बंद करायच्या आणि रात्री बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. त्यासाठी डासांची जाळी आणि मजबूत ग्रिल हवे. ते नसल्याने कित्येक घरे रात्रीच्या फुकट गारव्याला मुकतात आणि त्याची भरपाई एसीने करतात.

एवढे झाल्यावर यंत्रांचा विचार. खान्देशाच्या हवेला कूलर मानवतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते. तासाला पाच लिटर पाणी वाफ झाले तर साधारण एक टनाच्या एसीइतकी उष्णता शोषली जाते, आणि वीज लागते ती दीड-दोनशे वॅट. रोज बारा तास चालवला तरी महिन्याला सत्तरएक युनिटांच्या वर जात नाही. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर महिन्याला अडीचशेच्या घरात जातो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत आणि बाहेरची कोरडी हवा घेईल असा बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत लावलेला कूलर तासाभरात हवा दमट करतो आणि निरुपयोगी ठरतो. जूनमध्ये मृग लागल्यावर हवेत ओल आली की त्याचा प्रभाव ओसरतो, हेही खरे. त्याची दुसरी किंमत पाण्याची आहे. रोज पन्नास-साठ लिटर पाणी कूलरला घालणे वाघूर धरणावर विसंबलेल्या जळगावात आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या धुळ्यात सहज मान्य करण्याजोगे नाही. छत गार असेल तर कूलर कमी तास लागतो आणि पाणीही वाचते. म्हणजे छतावरचा चुना वीज आणि पाणी दोन्हींची बचत करतो.

एसी घ्यायचाच असेल तर छत सुधारल्यानंतर घ्यावा, कारण तेव्हा दीड टनाऐवजी एक टन पुरतो. बाहेरचे युनिट गच्चीवर उन्हात ठेवणे टाळावे. एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजतात. 45 अंशांत आणि तापलेल्या गच्चीवर ती बरीच घसरते. उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सावलीत आणि हवा खेळेल अशी त्याची जागा असावी. 2020 पासून नव्या एसीत सुरुवातीचे तापमान 24 अंश ठेवणे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने बंधनकारक केले आहे, आणि ब्युरोच्याच अंदाजाप्रमाणे दर अंश वाढवल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते. सोबत पंखा लावला तर 26-27 अंशांतही झोप लागते. पंख्याचा हिशेब तर सगळेच विसरतात. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज अठरा तास चालणारे तीन पंखे बदलले की महिन्याला सत्तरएक युनिटे कमी होतात.

हिवाळ्यात प्रश्न पाण्याचा असतो. धुळ्याचा किमान पारा काही वर्षी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पण खोली तापवण्यासाठी इथे वीज फारशी जात नाही, ती जाते गिझरमध्ये. पाच माणसांच्या घरात शंभर लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला रोज सुमारे तीन युनिट लागतात, महिन्याला नव्वदच्या जवळपास. पूर्वी हे काम तांब्याच्या बंबात पऱ्हाट्या जाळून होत असे. शेतात पऱ्हाट्या पडून असलेल्या घरांत ते आजही होते. शहरात त्याची जागा सौर पाणीतापकाने घ्यावी हे सरळ आहे. खान्देशात हिवाळ्यातही आकाश निरभ्र असते आणि जळगावच्या जैन इरिगेशनसारखी कंपनी हे तापक बनवत आली आहे. छत पांढरे केल्याने हिवाळ्यात घर गारठेल, अशी शंका धुळ्यात हमखास येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा उबेसाठी दक्षिणेची खिडकी उघडणे अधिक उपयोगी पडते. शिवाय तोवर चुना मळून गेलेला असतो.

सौर पॅनेल शेवटी का, याचे उत्तर अनुदानाच्या आकड्यांत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान मिळते. तिसऱ्या किलोवॅटला वाढीव अनुदान फक्त 18,000 मिळते, बाकीचा खर्च घरमालकाचा. छत, पंखे आणि गिझर यांतून महिन्याची शंभर-सव्वाशे युनिटे आधीच कमी झाली तर तिसऱ्या किलोवॅटची गरजच राहत नाही. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवली तर ती स्वतः गच्चीला सावली देतात, म्हणून त्यांची जागा झोपायच्या खोल्यांवर निवडावी. आणि एक व्यापक कारण: पॅनेल दुपारी वीज देते, स्लॅबची धग रात्री छळते. घरमालकाचे बिल नेट मीटरने जुळते, पण रात्रीच्या एसींची वीज तेव्हा दीपनगरसारख्या केंद्रांत कोळसा जाळूनच तयार करावी लागते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. सूर्यास्तानंतर त्याचाही उपयोग नसतो. रात्रीची मागणी कमी करणारा उपाय छतातच आहे.

सरकारी धोरणाने मात्र बहुतेक भार यंत्रे आणि वीजनिर्मिती यांवर ठेवला आहे. घरांसाठीची इको-निवास संहिता 2018 साली आली. छतातून येणाऱ्या उष्णतेवर तिने 1.2 वॅटची मर्यादा घातली, म्हणजे नुसत्या स्लॅबच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मर्यादा योग्य आहे; पण संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. जळगाव-धुळ्यातील बहुतेक घरे त्याहून कितीतरी लहान भूखंडांवर आहेत, म्हणजे ज्यांना नियमाचा सर्वाधिक फायदा झाला असता ती घरे नियमाबाहेर राहिली. तेलंगणने 2023 मध्ये शीतल छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि लहान घरांनाही ऐच्छिक म्हणून त्यात आणले. अहमदाबादने 2013 च्या उष्णता कृती आराखड्यानंतर वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. खान्देशाचा उन्हाळा या दोन्ही ठिकाणांहून सौम्य नाही. जळगाव आणि धुळे महानगरपालिका बांधकाम परवानगी देताना पर्जन्यजल संधारणाची अट पाहतात. पूर्णत्वाच्या दाखल्यापूर्वी पांढऱ्या गच्चीची अट घालणे त्याहून सोपे आणि स्वस्त आहे. मालमत्ता करात थोडी सवलत दिली तर जुनी घरेही पुढे येतील.

बिल हे या प्रश्नाचे एकमेव माप मानणे मात्र अन्यायाचे होईल. सर्वांत कमी बिल येते ते पत्र्याच्या एका खोलीत एका पंख्यावर राहणाऱ्या कुटुंबाला, आणि सर्वांत जास्त तापते तेच घर. तिथे चुना मारला तर बिलात दहा-वीस रुपयांचाही फरक पडणार नाही. फरक पडेल तो तान्ह्या मुलाच्या, म्हाताऱ्या माणसाच्या आणि दिवसभर शेतात राबून आलेल्या मजुराच्या झोपेत, आणि उष्माघाताच्या वेळी त्यांच्या जिवात. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असते. एवढ्या पैशांत बरीच कुटुंबे पत्र्यावरच थांबतात. पंचवीस चौरस मीटर छताला पांढरा थर आणि आतून चटईचे छत यांचा खर्च या रकमेच्या मानाने थोडा आहे. तो शेवटच्या हप्त्याला जोडून वेगळा दिला पाहिजे, कारण घर उभे करता करता हात रिकामे झालेल्या माणसाकडून तो होत नाही.

भाडेकरूंची अडचण वेगळी आहे. छत मालकाचे आणि बिल भाडेकरूचे, त्यामुळे गच्ची सुधारण्यात मालकाला फायदा दिसत नाही आणि भाडेकरूला अकरा महिन्यांच्या करारात खर्च करण्याची हिंमत होत नाही. चुन्याचे साहित्य मालकाने द्यायचे आणि काम भाडेकरूने करून घ्यायचे, किंवा झालेला खर्च एका महिन्याच्या भाड्यातून वळता करायचा, अशी एक ओळ करारात घातली तर दोघांचीही सोय होते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने ती आधी मागावी, कारण खालच्या मजल्याला वरचे घर सावली देते आणि वरच्याला कोणीच देत नाही. सदनिकांच्या इमारतींत हाच वाद सोसायटीत उभा राहतो: गच्ची सामायिक, ताप मात्र शेवटच्या मजल्याला. गळती रोखण्याचा खर्च सोसायटी सामायिक निधीतून करते. जलरोधकाचा थर नव्याने द्यायचा असेल त्याच वर्षी त्यावर उष्णतारोधक आणि पांढरा थर घेतला, तर मजुरी एकदाच पडते. ही कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावीत, म्हणजे कोब्याला पाणी मारून मुरायला वेळ मिळतो आणि एप्रिलच्या उन्हाआधी गच्ची तयार होते.